नस्ती क्रमांक एक : बाबांचं घर

८ जानेवारी २०२३, रविवार

आज डोळे उघडले. एका हॉटेलात फुकट सेमिनार होता, ‘आपली संपत्ती, आपली सुरक्षा’. समोसा थंड, वक्ता गरम. म्हणाला, घराला धोका चोराचा नसतो, नातेवाइकाचा असतो. मला लगेच कमला दिसली. सख्खी धाकटी बहीण. अठ्ठावीस वर्षांपासून गोंदियाला आहे, शाळेत शिकवते. दिवाळीत आली तेव्हा आमच्या पुढच्या खोलीच्या छताकडे बराच वेळ बघत बसली होती. म्हणाली, दादा, स्लॅब गळून राहिला. मनात काही नसलेला माणूस दुसऱ्याच्या स्लॅबकडे कशाला बघेल?

घर बाबांच्या नावावर. बाबा त्र्याऐंशीचे. रेल्वेच्या वॅगन रिपेअर शॉपमध्ये फिटर होते, पीएफ काढून रायपूरच्या गुढियारीत घर बांधलं. उद्या त्यांचं काही झालं तर कायद्याने अर्धं घर कमलाचं. मी इथे पस्तीस वर्षं राहिलो, त्याची किंमत शून्य.

संकल्प : तीन महिन्यांत घर सुरक्षित करायचं. म्हणजे माझ्या नावावर करायचं.

९ जानेवारी, सोमवार. ऑफिसात, जेवणानंतर

नवी नस्ती उघडली. विषय : कुटुंब संपत्ती संरक्षण. पृष्ठ १. एकतीस वर्षं सरकारी फायली ओढल्या, त्यातली वीसेक इथल्या मंत्रालयात, आता एक स्वतःसाठी. माझ्या ड्राफ्टला आजवर कोणत्याही सचिवाने लाल शाई लावलेली नाही. बाकीच्या सेक्शनमधली गाढवं ‘कृपया अवलोकनार्थ’ लिहून झोपतात.

उपाय ठरवले. बाबांनी मला घर दानपत्राने द्यावं. तोवर बाबांना वाईट लोकांपासून दूर ठेवावं.

१४ जानेवारी, शनिवार

अंमलबजावणी सुरू. बाबांना पुढच्या खोलीतून मागच्या खोलीत हलवलं. पुढच्या खोलीत रस्त्याची धूळ येते, शिवाय खिडकीतून कोणीही त्यांच्याशी बोलतं. मागच्या खोलीत खिडकीच नाही, म्हणजे दोन्ही प्रश्न एकदम सुटले. खोली पूर्वी पिंप-पोती ठेवायची होती, पण पलंग बसतो. आईचा आणि बाबासाहेबांचा फोटो मी स्वतः तिकडे लावून दिला. इतकं कोणता मुलगा करतो?

पुढच्या खोलीत माझं टेबल मांडलं. नस्तीला जागा लागते.

बायकोने, रीनाने, तोंड वाकडं केलं. सासऱ्यांना ती मामाजी म्हणते. म्हणाली, मामाजीले तिकडं गुदमरते. मी म्हटलं, सुरक्षेचा मामला आहे, तुला समजणार नाही.

२६ जानेवारी, गुरुवार

सुट्टी. बाबांशी दानपत्राचं बोललो. दीड तास समजावलं. कमलाची लबाडी, कायद्याची गुंतागुंत, माझी सेवा. बाबा ऐकत होते. शेवटी म्हणाले, पाहू.

नस्तीत नोंद : सैद्धांतिक सहमती प्राप्त.

त्यांचं एटीएम कार्डही ताब्यात घेतलं. आजकाल फोनवर ठग फार. मोबाइलही दिवसा माझ्याकडेच राहील. बाबा म्हणाले, मंग कमलाचा फोन आला तं? मी म्हटलं, मी बोलीन ना. ते मान हलवून हव म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून निजले. सकाळी अकरा वाजता. वय झालंय.

५ फेब्रुवारी, रविवार

बाबांचं विहारात जाणं बंद केलं. रस्त्यात खड्डे आहेत. आणि खरं सांगायचं तर विहारातले म्हातारे त्यांचे कान भरतात. एकाने म्हणे विचारलं, भैय्यालालभाऊ, तुमी इतके कायले सुकले? बाबा पूर्वीपासून बारीकच आहेत.

कलेक्टोरेटसमोर बसणारे नीलकंठ वकील भेटले. त्यांना दानपत्राचं विचारलं. म्हणाले, वडिलांना रजिस्ट्री ऑफिसला स्वतः यावं लागेल, रजिस्ट्रार त्यांना विचारेल राजीखुशीने देता का, आणि ते हो म्हणाले पाहिजेत. मी विचारलं, नाही म्हणाले तर? तर नाही, म्हणाले. हे असले वकील. काहीतरी मार्ग काढायचा तर कायदा सांगतात.

रात्री यशदीपचा बंगलोरहून फोन. सगळा प्लॅन सांगितला. माझाच मुलगा, पण बोलतो हिंदीत. म्हणाला, पापा, दादाजी का घर है, उन्हीं को सोचने दो. शिकवून चूक केली.

१८ फेब्रुवारी, शनिवार

मोठं यश. सामुदायिक भवनात वृद्धांसाठी कायद्याचं शिबिर होतं. बाबांना मी स्वतः स्कूटरवर नेलं. म्हटलं, सरकारी माणसाच्या तोंडून मृत्युपत्र, दानपत्र वगैरे ऐकलं की पटेल. तिथे एक वकीलबाई होती, आमच्या यशदीपपेक्षा लहान. मला म्हणाली, अंकलजी से अकेले में बात करेंगे, आप बाहर चाय लीजिए.

चहा घेतला. चाळीस मिनिटं झाली. दोन चहा घेतले.

बाबा बाहेर आले तेव्हा चेहरा उजळला होता. कित्येक दिवसांनी स्वतःहून बोलले. म्हणाले, हुशार पोट्टी आहे. मग म्हणाले, घराचे कागद एकदा मले दे, झेरॉक्स काढाची आहे. मी विचारलं, दानपत्रासाठी? ते म्हणाले, कामासाठी.

संध्याकाळी गोल बाजारातून त्यांच्यासाठी नवी शाल आणली. बाबा लाईनवर आलेत.

४ मार्च, शनिवार. सकाळी १०

बाबांनी आज माझ्याकडे काम आणलं. मला बरं वाटलं, कबूल करतो. एरवी या घरात माझ्या ड्राफ्टिंगची कदर नाही.

म्हणाले, एक म्हातारा आहे, माह्या चांगल्या ओळखीचा. पोरगा तरास देते. एसडीएमच्या तिकडे म्हाताऱ्यांच्या कायद्याखाली अर्ज द्याचा आहे. तुह्या हातचा अर्ज पक्का राह्यते म्हणे.

मी विचारलं, बीरगावचा आहे का? तिकडे फॅक्टरीतली पोरं काहीही करतात. बाबा नुसतं हव म्हणाले. नाव विचारलं तर म्हणाले, नावाची जागा रिकामी सोड, त्याले लाज वाटते. बरोबर आहे. असा मुलगा असल्यावर लाज वाटणारच.

बाबा सांगत गेले, मी लिहीत गेलो. हिंदीत, अर्थात. मुलाने म्हाताऱ्याला स्वतःच्या घरात मागच्या खोलीत टाकलं. खिडकी नाही. पेन्शनचं कार्ड काढून घेतलं. फोन काढून घेतला. बाहेर जाऊ देत नाही. घर नावावर कर म्हणून रोज मागे लागतो.

माझं रक्त तापलं. काही घरांत सुरक्षेसाठी खोली बदलावी लागते, ती गोष्ट वेगळी. तिथे नियोजन असतं. इथे तर सरळ गुंडगिरी आहे. अर्जदार म्हातारा म्हणजे आवेदक, मुलगा अनावेदक. मी स्वतःहून भर घातली : ‘अनावेदक ने आवेदक को उसके ही घर में बंदी के समान रखा है।’ बाबांनी ते वाक्य दोनदा वाचायला लावलं. म्हणाले, असंच आहे.

दुपारी २

जेवूनही तोच विषय. बाबांना सल्ले दिले. पोटगी मागू नका, पोटगीत माणूस आयुष्यभर फेऱ्या मारतो. सरळ घराबाहेर काढायची मागणी करा.

बाबांनी विचारलं, सुनेचं काय कराचं? सून सेवा करते म्हाताऱ्याची. मी म्हटलं, मग सुनेचं नाव अर्जातून काढा. वर एक ओळ टाका की सुनेविरुद्ध तक्रार नाही आणि तिने घरातच राहावं. म्हणजे कोर्टाला मुलाची दया येणार नाही. बायकोमुलांना रस्त्यावर काढलं म्हणून रडण्याचा रस्ताच बंद.

मग मुख्य प्रश्न. मी विचारलं, त्या नालायकाला राहायला दुसरी जागा आहे का? नसेल तर साहेब लोक कचरतात. बाबा म्हणाले, सरकारी नोकरी आहे त्याले. क्वार्टर भेटत होतं, घेतलं नाही. मी टाळी वाजवली. मग तर केस संपलीच! तो मुद्दा सातव्या परिच्छेदात टाकला आणि खाली रेघ मारली.

मलाही नवा रायपूरला क्वार्टर मिळत होतं, आठ वर्षांपूर्वी. पण मी इथे थांबलो, बाबांच्या सेवेसाठी. माणसामाणसात फरक असतो तो असा.

रीना दारात उभी राहून ऐकत होती. मध्येच पदर तोंडाला लावून आत गेली. बायकांना कायद्याच्या भाषेची भीती वाटते.

७ मार्च, मंगळवार

अर्ज ऑफिसात टाइप केला, तीन प्रती काढल्या, चांगल्या कागदावर. बाबांनी पहिल्यांदाच माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हणाले, चांगलं लिवलं रे धर्मपाल.

हे वाक्य नस्तीत लावायला जागा नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

नियोजन : बाबांचा मूड चांगला आहे तोवर रजिस्ट्रीची तारीख घेणे.

२७ मार्च, सोमवार. संध्याकाळी ७

एसडीएम कार्यालयातून नोटीस. पाकीट माझ्या नावाचं. उघडलं तर आत माझा ड्राफ्ट. दोन मिनिटं तर मला आनंदच झाला. तोच फॉन्ट, तेच परिच्छेद, सातव्याखाली रेघसुद्धा. म्हणजे म्हाताऱ्याचा अर्ज दाखल झाला आणि नोटीसही निघाली. शाब्बास.

मग नावं वाचली. आवेदक : भैय्यालाल. अनावेदक : धर्मपाल.

सरळ क्लेरिकल चूक आहे. रिकाम्या जागेत टायपिस्टने भलतीच नावं घातली. या कार्यालयांत दुसरं काय होणार! उद्याच दुरुस्तीचा अर्ज देतो.

रात्री ८

बाबांना दाखवलं. चूक नाही, म्हणाले, नावं शिबिरातल्या त्या पोट्टीनं भरले. मागच्या खोलीत पलंगावर बसले होते. मी उभा होतो, बसायला जागा नाही तिथे. म्हणाले, तो म्हातारा मीच होय. तुले काहून समजलं नाही, मलेच समजत नाही.

रीनाला विचारलं, तुला माहीत होतं? म्हणाली, मले काय विचारता, तुमीच म्हणाले सुनेचं नाव काढा.

जेवलो नाही. कोणी आग्रहही केला नाही.

२८ मार्च, मंगळवार

विश्वासघात. हाच शब्द. यामागे कमला आहे. तिला फोन करून झाडलं. ती म्हणाली, दादा, मले तं आता माहीत होऊन राहिलं. अर्ज कोणं लिवला? मी फोन ठेवला.

नीलकंठ वकिलांकडे गेलो. अर्ज वाचताना आधी भुवया वर गेल्या, मग चष्मा काढून पुसला. म्हणाले, ज्याने हा लिहिला त्यालाच तुमचा वकील करा, दुसरा कोणी तुम्हाला वाचवू शकत नाही. मी अर्ज घडी करून खिशात ठेवला. त्यांनी केस घेतली नाही.

संकल्प : मीच लढणार.

१० एप्रिल, सोमवार

रजा टाकली. चार दिवसांपासून जबाब लिहितो आहे. आमच्या सेक्शनमध्ये कोणताही ड्राफ्ट मी दहा मिनिटांत फोडतो. या ड्राफ्टमध्ये भोक सापडत नाही. पहिल्या परिच्छेदावर हरकत घ्यावी तर तिसऱ्यात उत्तर तयार. घर माझं नाही. खोलीला खिडकी नाही. कार्ड माझ्या पाकिटात आहे. लिहिणाऱ्याने काही शिल्लकच ठेवलेलं नाही.

दुपारी मुद्दाम मागच्या खोलीत जाऊन पलंगावर पडून पाहिलं. जबाबात लिहायला की खोली हवेशीर आहे. पंधरा मिनिटांत उठलो. वाटलं, कुलर बिघडला असावा. मग आठवलं, त्या खोलीत कुलर लावलेलाच नाही.

बाबांना कार्ड परत दिलं. म्हटलं, आता अर्ज मागे घ्या. त्यांनी कार्ड खिशात ठेवलं आणि म्हणाले, पाहू.

१४ एप्रिल, शुक्रवार

जयंती. आमचा सगळा पारा, म्हणजे मोहल्ला, निळा. बाबा पांढरा सदरा घालून रीनासोबत रिक्षातून विहारात गेले. लोकांनी त्यांना पुढे बसवलं, असं ऐकलं. मी घरीच होतो. दुपारी रॅलीचा आवाज आला तेव्हा दार लावून घेतलं. मला कोणी बोलवायला आलं नाही, तसा मी कामातही होतो.

१९ एप्रिल, बुधवार

सुनावणी. जबाब अठरा पानांचा. एसडीएम मॅडमनी दीड पान वाचलं.

मग बाबांचा अर्ज हातात घेतला. म्हणाल्या, ड्राफ्ट बहुत अच्छा है, किस वकील से बनवाया? बाबा म्हणाले, वकील नहीं साहब, मेरे लड़के ने बनाया. मॅडमनी विचारलं, कौन सा लड़का? बाबांनी बोट माझ्याकडे केलं.

मॅडमजवळच्या बाबूला खोकला आला, तो बाहेर गेला. मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. खरं लिहितो, कारण हे कोणी वाचणार नाही : त्या एका क्षणी छाती फुगली. एकतीस वर्षांत कोणत्याही साहेबाने तोंडावर असं म्हटलं नव्हतं.

मग त्यांनी विचारलं, आपको इसमें कुछ गलत लगता है? मी म्हटलं, परिस्थिती वेगळी आहे, उद्देश संरक्षणाचा होता. त्या म्हणाल्या, किसका संरक्षण? मी म्हटलं, घर का. त्या म्हणाल्या, और इनका? मी अठरा पानं चाळली. ते कुठे लिहिलेलं नव्हतं.

मॅडमनी बाबांना विचारलं, काही सांगायचं आहे? वाटलं होतं, पाझर फुटेल. बाप आहे शेवटी. बाबा म्हणाले, साहब, मैंने वो घर अपने हाथ से बनाया. उसमें मुझे डर लगता है. एवढंच बोलले आणि बसले.

परतताना बाबा, रीना आणि मी एकाच रिक्षात होतो.

१० मे, बुधवार

आदेश. तीस दिवसांत घर रिकामं करा. सून तिच्या इच्छेने राहू शकते. अनावेदकाला शासकीय आवास मिळू शकत असल्याने त्याची गैरसोय होणार नाही, असं खास लिहिलं आहे. सातवा परिच्छेद.

रीनाला म्हटलं, आवर सामान, दोघं जाऊ. ती भाजी निवडत होती. म्हणाली, मामाजीले कोण पाहीन? मी विचारलं, आणि मला? ती म्हणाली, तुमाले सगळ्यातलं सगळं समजते नं.

यशदीप फोनवर म्हणाला, ऑर्डर है पापा, मानना पड़ेगा. कमलाने फोन केला नाही. मी वाट पाहत होतो की करेल, म्हणजे काहीतरी सुनावता आलं असतं.

संकल्प : कलेक्टरकडे अपील.

२१ मे, रविवार

अपिलाचा मसुदा. ‘अपीलार्थी एक कर्तव्यनिष्ठ पुत्र है।’ इथे थांबलो. पुढचं वाक्य सकाळपासून येत नाही. पुरावा काय लावू? ती शाल लावावी असं वाटलं. बाबांनी ती अजून घडी मोडून अंगावर घेतलेली नाही.

बाबा पुढच्या खोलीत परत आले. माझं टेबल मागच्या खोलीत गेलं, ते मीच उचलून नेलं. नस्तीही तिथेच आहे, पिंपांजवळ.

४ जून, रविवार

नवा रायपूर. सेक्टरमध्ये क्वार्टर मिळालं. दोन खोल्या, चार खिडक्या. समोर सहा गाड्या शेजारी शेजारी जातील एवढा रस्ता आणि त्यावर एक गाय. बस दुपारी एकदाच दिसली. भाजीसाठी दूर जावं लागतं. खिचडी केली, खाली लागली.

हे माझ्या फायद्याचंच झालं. ऑफिस जवळ, हवा शुद्ध, कटकट नाही. हे वाक्य लिहून तीनदा वाचलं.

११ जून, रविवार

आठवडाभर विचार करून आज घरी गेलो. आधी फोन केला नाही. आपल्याच घरी कोण फोन करून जातं?

दार बाबांनी उघडलं. तब्येत सुधारली आहे. त्यांना बरं बघून आधी राग आला आणि मग स्वतःचीच लाज वाटली. दोन्ही लिहून ठेवतो. या बसा, असं नाही म्हणाले, ये म्हणाले. मी खुर्चीवर बसलो. रीनाने पाणी आणलं. ग्लास ताटलीत ठेवून. आमच्या घरी घरच्यांना पाणी असं देत नाहीत. मी उठून स्वयंपाकघरात जाणार होतो, पण परत खुर्चीत टेकलो.

बाबांनी विचारलं, जेवण करतो? मी म्हटलं, करतो. विचारलं, काय जेवतो? मी म्हटलं, खिचडी. त्यांनी रीनाला हाक मारून भाकरी जास्त टाकायला सांगितलं. वांग्याची भाजी होती. मी पाच भाकरी खाल्ल्या. रीना वाढत राहिली. बाबा समोर बसून होते. मला रडू येत होतं म्हणून मान वर केली नाही. बाबा, माझं चुकलं, एवढं म्हणायचं होतं. तेवढ्या तीन शब्दांचा ड्राफ्ट मला जमला नाही.

चार वाजता निघालो. शेवटची बस असते. दाराशी बाबांना विचारलं, पुढच्या रविवारी येऊ का?

बाबा म्हणाले, ये. पण फोन करून ये.